काल खाल्लं आणि आज टायफॉईड? जंतूच्या घड्याळाचा हिशेब

गोदाकाठची_सई
पाऊस सुरू झाला की नाशिकमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं : "काल गंगापूर रोडला पाणीपुरी खाल्ली आणि आज टायफॉईड निघाला." कधी पाणीपुरीच्या जागी उसाचा रस असतो, कधी मिसळ, पण वाक्याचा सांगाडा तोच. आजारी पडलेला माणूस शेवटचा घास आठवतो आणि त्यालाच फाशी देतो.
माझं मत असं की टायफॉईड, कावीळ यांच्या बाबतीत शेवटचा घास जवळजवळ नेहमीच निर्दोष असतो. जंतू पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत आत बरंच काही घडावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. पुस्तकात त्याला अधिशयन काळ म्हणतात, दवाखान्यात इन्क्युबेशन. या काळात आत नेमकं काय चालतं? आणि उलटं मोजत खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोहोचता येतं का? जाणकारांनी लिहावं. "बाहेरचं खाऊ नये" हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे, तो सोडून.

मिसळप्रेमी
म्हणजे मिसळ निर्दोष सुटली. जामीन वगैरे नको, थेट मुक्तता. धाग्याला +१.

पेट्रीडिश
एवढ्यात सोडू नका. काही आजारांत शेवटचा घासच दोषी असतो. आधी जंतू कोणत्या रीतीने काम करतो ते बघा.

पहिली रीत : जंतू पदार्थातच वाढतो, तिथेच विष तयार करतो आणि आपण ते आयतं खातो. शरीरात काही घडायची गरजच उरत नाही, म्हणून घड्याळ तासांचं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा माणसाच्या नाकात आणि हाताच्या पिकलेल्या जखमेत राहतो. पेढे वळणाऱ्याच्या बोटाला फोड असेल तर तो खव्यात उतरतो. मीठ-साखर त्याला बऱ्यापैकी चालते. खाल्ल्यापासून 1 ते 6 तासांत उलट्या, ताप बहुधा नाहीच. पदार्थ पुन्हा उकळला तर जंतू मरतो, विष तसंच राहतं.

त्याचाच भाऊबंद बॅसिलस सेरियस. याचे बीजाणू तांदळाबरोबरच येतात आणि भात शिजतानाच्या उकळीतून जिवंत निघतात. कार्याचं मोठं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर राहिलं की मधला भात तासन् तास कोमट असतो. तिथे बीजाणू उगवतात, वाढतात आणि उलटी करवणारं विष सोडतात. ते 121 अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं, मग सकाळच्या फोडणीच्या भाताची फोडणी त्याचं काय वाकडं करणार? उरलेला भात परातीत पातळ पसरून निववा आणि तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका.

दुसरी रीत : जंतू आतड्यात येऊन चिकटतो, वाढतो आणि तिथे विष सोडतो. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू यातला. काही तास ते 5 दिवस.

तिसरी रीत : जंतू आतड्याची भिंत ओलांडून आत शिरतो आणि रक्तातून दुसऱ्या अवयवात बस्तान बसवतो. टायफॉईड असा. इथे घड्याळ आठवड्यांचं, म्हणून सईताईंचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू.

स्टेथो
टायफॉईडचा प्रवास सांगतो, म्हणजे "काल खाल्लं" का खोटं ते कळेल.

साल्मोनेला टायफी जठरातल्या आम्लातून वाचून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात येतो. तिथे पेयर्स पॅचेस म्हणून लसिका पेशींचे ठिपके असतात. त्यांच्यावरच्या एम पेशींचं कामच आतड्यातला नमुना उचलून आतल्या पहारेकऱ्यांना दाखवणं. टायफॉईडचा जंतू याच दारातून आत जातो. पहारेकरी म्हणजे मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, पण हा पेशीच्या पोटात एक पिशवी करून राहतो आणि तिथेच वाढतो. ज्याने पकडलं त्याच्याच गाडीत बसून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथे पोहोचतो. या सगळ्या काळात माणूस ठणठणीत. संख्या पुरेशी झाली की जंतू पुन्हा रक्तात उतरतो आणि तेव्हा ताप सुरू होतो. साधारण 8 ते 14 दिवस, टोकं धरली तर 6 ते 30. तर काल खाल्लेल्या पाणीपुरीने आज टायफॉईड होणं नाही.

पुढे पित्ताशयातून जंतू पुन्हा आतड्यात येतो. तेच पेयर्स पॅचेस आता सुजून व्रण पडतात. म्हणून आतडं फुटण्याचा धोका बिनउपचाराच्या तिसऱ्या आठवड्यात जास्त. ताप उतरतोय म्हणून खूश व्हावं आणि पोट अचानक फळीसारखं घट्ट व्हावं, असा तो प्रकार.

तपासणीबद्दल : पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, तेही अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. मोठ्या माणसाचं 8-10 मिली रक्त एका बाटलीत लागतं, कारण एका मिलीत जंतू मोजके असतात. दोन मिलीवर भागवलं की रिपोर्ट निगेटिव्ह आणि सगळे गाफील. तापाच्या दुसऱ्याच दिवशी केलेली विडाल चाचणी जवळपास निरुपयोगी. ती जंतू शोधत नाही, प्रतिपिंडं मोजते. ती तयार व्हायला आठवडा लागतो, आणि जुन्या संसर्गाने किंवा दुसऱ्याच तापाने ती वाढलेली दिसू शकतात. "टायफॉईड निघाला" असं सांगणाऱ्यांना आधी विचारा, कशात निघाला?

उंबरठ्यावरचा
बाळबोध प्रश्न. ताप जंतू आणतो की शरीर?

स्टेथो
शरीर. जंतूच्या आवरणाचे तुकडे ओळखले की पांढऱ्या पेशी रसायनं सोडतात. ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला प्रोस्टाग्लँडिनमार्फत सांगतात की घरचं तापमान 37 वरून 39 ला लावा. शरीर 37 वर असतं, मग 39 गाठायला थरथरतं, ती हुडहुडी. पॅरासिटामॉल हा निरोप अडवतं, जंतूला हातही लावत नाही. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार हटला असं समजू नये.

खडूस_काका
हे सगळं वाचून माणूस पाणी प्यायलाही घाबरेल. गाडीवर पन्नास जण खातात, आजारी पडतो एक. मग दोष जंतूचा कसा? हल्लीच्या पोरांच्यात ताकदच नाही. माती खाऊन वाढलेली पिढी अशी कोसळत नव्हती. जंतू खाल्ल्यानेच प्रतिकारशक्ती येते.

पेट्रीडिश
काका, पन्नासात एकच का, हा प्रश्न खरोखर चांगला आहे. उत्तर मात्र ताकद नाही, मात्रा आहे.

प्रत्येक जंतूची आजार करण्याची संख्या वेगळी. शिगेला, म्हणजे रक्ती हगवणीचा जंतू, 10 ते 100 एवढे पुरतात कारण तो आम्लाला दाद देत नाही. नोरोव्हायरसचंही तसंच, मोजके कण बास. टायफॉईडचे स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, त्यात 1 लाख जंतू पाजल्यावर साधारण चौथा हिस्सा आजारी पडला, बाकीचे नाही. पटकीचे निरोगी माणसाला कोटींनी लागतात, पण आधी सोडा पाजून आम्ल मारलं की दहा हजारांच्या आसपास भागतं. जठराचं आम्ल हे मोठं फाटक आहे. आम्लपित्तासाठी पँटोप्रॅझोलसारखी गोळी महिनोन् महिने घेणाऱ्यांचं फाटक अर्धं उघडं असतं. पन्नासातला तो एक बऱ्याचदा असाच असतो. किंवा त्याच्या वाट्याला बादलीच्या तळचं पाणी आलेलं असतं.

आणि मात्रा वेळेनुसार वाढते. कोमट, ओल्या पदार्थात ई. कोलायसारखा जंतू 20 मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे 7 तासांत 21 वेळा दुप्पट, म्हणजे 20 लाखांच्या वर. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला तीच चटणी खाणारे दोघे एकच पदार्थ खात नसतात.

माती खाण्याबद्दल : जगले ते सांगायला उरले, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

खडूस_काका
शेवटचं वाक्य झोंबलं, पण बरोबर आहे. फाटकाचा मुद्दा मान्य. ताकदीचा अर्धाच मान्य.

व्हॉल्व्ह_नंबर_तीन
गाड्यांवर बरंच झालं, आता नळाकडे वळा. एकाच इमारतीत, एकाच बोळात पाच-सहा जण दोन-तीन आठवड्यांत तापाने पडले तर पदार्थ नाही, लाइन तपासायची.

धरणातून शुद्धीकरण केंद्रात पाणी येतं, तिथे तुरटी, गाळणी, क्लोरीन सगळं होतं. घाण शिरते ती पुढे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं. पुरवठा चालू असताना फुटक्या जॉइंटमधून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की उताराच्या घरांकडे पाणी निथळतं, पाइपात पोकळी होते आणि तोच जॉइंट बाहेरचं आत ओढतो. गावठाणातल्या अरुंद बोळात ड्रेनेज हातभर अंतरावर असेल तर बाहेरचं म्हणजे काय ते समजून घ्या. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की ती शेजाऱ्याचं पाणी खेचतेच, शिवाय गळक्या जॉइंटमधून गटारही खेचते. मोटर लावायची तर जमिनीखालच्या टाकीवर, लाइनवर कधीच नाही. नळ आल्यावर पहिली काही मिनिटं पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तर ते पिण्यात भरू नका.

टाकीसाठी : 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वजन करून. ताज्या पावडरीत क्लोरीन तिसऱ्या हिश्शाच्या जवळ, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आसपास पडतं. थेट टाकीत फेकू नका. बादलीत कालवा, पंधरा मिनिटांत चुना खाली बसतो, वरचं निवळ तेवढंच ओता. किमान अर्धा तास थांबा. मग ओटी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते बघायची चाचणी : 1 मिली पाण्यात 0.1 मिली द्रावण, पिवळा रंग 10 सेकंदांच्या आत वाचायचा. उशिरा वाचला तर सेंद्रिय घाणीला बांधलं गेलेलं क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो. नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं, साथ असेल तर 0.5. आता डीपीडीची गोळी येते, तिचा रंग गुलाबी, ती जास्त बरी.

नेहमी चुकतं ते हे : पोतं उघडं ठेवतात. दमट हवेत महिन्या-दोन महिन्यांत निम्मा क्लोरीन उडून जातो आणि माणूस इमानदारीने 5 ग्रॅम चुना टाकत राहतो.

कुकरची_शिट्टी
आणि उकळणं? कुणी म्हणतं पाच मिनिटं, कुणी वीस.

पेट्रीडिश
खदखदा उकळी आली की 1 मिनिट पुरे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू, विषाणू, जिआर्डिया या परजीवीच्या गाठी यांना 70 च्या पुढेच घाम फुटतो, त्यामुळे फरक नाही. वीस मिनिटं उकळून फक्त गॅस जातो. खरी चूक त्यानंतर : उकळलेलं पाणी रुंद तोंडाच्या हंड्यात ओतायचं आणि हाताने पेला बुडवून घ्यायचं. ओगराळं वापरा किंवा तोटीचा पिंप.
आरओवाल्यांनी हुरळू नये. तो क्लोरीनही काढून टाकतो, मग त्याच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार नसतो.

यकृतवाला
काविळीचं कुणीच लिहिलं नाही. सगळ्यात लांब घड्याळ तिचंच. ए प्रकार (हिपॅटायटिस ए) 15 ते 50 दिवस, सरासरी 28. ई प्रकार 2 ते 10 आठवडे. श्रावणात डोळे पिवळे झाले तर गुन्हा आषाढातला किंवा त्याच्याही आधीचा.

विषाणू यकृताच्या पेशीत वाढतो पण तो स्वतः पेशी फारशी मारत नाही. मारतात आपल्याच टी पेशी, संसर्ग झालेली पेशी ओळखून. म्हणून लहान मुलांत बहुतेकदा काही दिसतही नाही आणि मोठ्यांत आजार जड जातो. विष्ठेतून विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याआधीच्या पंधरवड्यात. ताट-वाटी वेगळी करतात तेव्हा पसरवायचं ते पसरवून झालेलं असतं.

टीसीएलबद्दल एक दाखला. नोव्हेंबर 1955 मध्ये दिल्लीत यमुनेचं मैलामिश्रित पाणी पुरवठ्यात शिरलं. केंद्रावर क्लोरीन वाढवलं. टायफॉईड, हगवणीची साथ आली नाही, पण काविळीचे सुमारे 29 हजार रुग्ण झाले. पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून तो ई विषाणू असल्याचं कळलं. घाणीने भरलेल्या पाण्यात क्लोरीन आधी घाणीवर खर्च होतं, आणि विषाणू जंतूंपेक्षा चिवट. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळा, मगच क्लोरीन.

गर्भवती बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ई प्रकार झाला तर पाचातली एक दगावू शकते. अशा वेळी "उतरवायला" नेऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात.

मिसळप्रेमी
आणि ती काविळीची माळ? रोज लांब होत जाते ती?

यकृतवाला
काड्या वाळून आकसतात, दोऱ्याचे वेढे सैल होतात, माळ लांबते. ए प्रकार बहुधा चार-सहा आठवड्यांत आपला आपण बरा होतो. श्रेय गळ्यात जे असेल त्याला.

द्राक्षवेल
अवांतर, पण याच धाग्यात विचारतो. छाटणीच्या दिवसांत मजुरांना कात्री लागते. "गंजलेली होती का?" एवढंच विचारून टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, देतात किंवा देत नाहीत. गंजाचा संबंध काय?

पेट्रीडिश
गंजाचा नाही, शेणखताचा. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नवी कोरी कात्रीही शेणखताच्या बोदावर पडलेली असेल तर पुरते. त्याला हवा नको असते, म्हणून खोल, अरुंद, मेलेल्या मांसाची जखम त्याला आवडते. तो जखमेतच राहतो, विष तेवढं नसांमधून वर सरकत पाठीच्या कण्यापर्यंत जातं. तिथे स्नायूंना "आता सैल हो" सांगणारे निरोप ते अडवतं. मग जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. नाव किती चपखल आहे बघा. 3 ते 21 दिवस.
आणखी एक : धनुर्वात होऊन वाचलेल्यालाही लस लागते. माणूस मारायला लागतं ते विष इतकं कमी असतं की शरीराच्या पहाऱ्याला त्याची ओळखच होत नाही. काका, प्रतिकारशक्तीची नोंद घ्यावी. हल्ली टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पही येतो. जखम आधी साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, हळद नंतर.

स्टेथो
इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातखाचरांत आणखी एक लक्षात ठेवायचा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). उंदराच्या मूत्रातून पाण्यात, तिथून पायाच्या भेगांतून आत. साधारण 5 ते 14 दिवसांनी ताप, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल पण चिपडं नाहीत. आवणीच्या दिवसांत असा ताप आला तर डॉक्टरांना "भातात काम केलंय" हे न विचारता सांगा.

गोदाकाठची_सई
धागा शेतात गेला, हरकत नाही. पण पटकी राहिली. आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, पूर्वी जत्रा आणि पटकी हे जोडीनेच यायचे.

स्टेथो
पटकीचा जंतू कॉखने 1884 मध्ये कलकत्त्यात दाखवला, पण तो मारतो कसा हे कळायला 1959 उजाडलं. तेही कलकत्त्यातच. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला. तुकडा पाण्याने फुगला. म्हणजे काम जंतूचं नाही, त्याच्या विषाचं.

हे विष पेशीतला एक खटका चालू स्थितीत अडकवून ठेवतं. पेशी क्षार बाहेर टाकत राहते, क्षारामागे पाणी. तासाला लिटरपर्यंत, तांदळाच्या धुवणासारखं. आतड्याची भिंत मात्र शाबूत असते, आणि साखर व मीठ एकत्र आत ओढणारं दार या विषाला बंद करता येत नाही. ओआरएस त्याच दारातून पाणी आत नेतं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं : लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सायट्रेट 2.9.

चुका नेहमीच्या. लिटरचं पाकीट पेल्यात कालवतात. चव नाही म्हणून वरून साखर घालतात किंवा सरळ कोल्ड्रिंक देतात. जादा साखर आतड्यातच राहून उलट पाणी बाहेर ओढते, जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात सपाट 6 चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा.

पंचवटीकर
रामकुंडात डुबकी मारली तर?

व्हॉल्व्ह_नंबर_तीन
आंघोळीच्या पाण्याला मैल्याच्या कोलिफॉर्मची कमाल मर्यादा 100 मिलीला 2500. पाणी त्या मर्यादेवर आहे असं धरा. आचमनाची पळी 5 मिलीची, म्हणजे 125 कोलिफॉर्म. ते बहुतांशी निरुपद्रवी, त्यांचं असणं म्हणजे मैला आल्याचा पुरावा. त्यात शिगेला किती हे कोलिफॉर्म सांगत नाही, आणि शिगेला दहाही पुरतात. डुबकी मारा, तोंड मिटून. तीर्थ बाटलीत भरून घरच्या लहानग्यांना पाजू नका. पाऊस पडून नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची आपली खूण) पायांना पाणी लागलं असेल तर डुबकीही नको.

पंचवटीकर
तोंड मिटून मंत्र कसा म्हणायचा :)

खडूस_काका
मनात. आमच्या पिढीला येतो.

गोदाकाठची_सई
मूळ प्रश्नाकडे येते. उलटं मोजायचं ते असं समजले, चुकत असेल तर सांगा. नुसत्या उलट्या आणि ताप नाही, तर मागचे 6 तास. जुलाब असतील तर मागचे तीन ते पाच दिवस. चढता ताप असेल तर आठवड्यापासून महिन्यापर्यंत मागे, भर दुसऱ्या आठवड्यावर. डोळे पिवळे तर मागचे दोन ते दहा आठवडे. आणि कुणी-कुणी तेच खाल्लं-प्यायलं, कोण आजारी नाही, हेही लिहायचं.

पेट्रीडिश
बरोबर. शेवटचं तर सगळ्यात मोलाचं, आणि तेच कुणी लिहीत नाही. पदार्थ उरला असेल तर फेकू नका, स्वच्छ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. पाण्याचा नमुना मात्र लोटीत न्यायचा नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा, तोटी पुसून शेकून घ्या, पाणी दोन-तीन मिनिटं सोडून मग भरा, बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत पोहोचवा. बाटलीत थायोसल्फेट हवं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो.

मिसळप्रेमी
मग मिसळीवरचा खटला अधिकृतपणे बंद समजू ना?

पेट्रीडिश
तर्रीवरचा बंद. ती दिवसभर उकळत असते, तिच्यात कुणी जगत नाही. कांदा सकाळी सहाला चिरून दुपारी दोनपर्यंत पाणी मारत ओला ठेवलेला असतो. ते पाणी कुठल्या बादलीतलं, ते बघून या आणि मग लिहा.

मिसळप्रेमी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).